माथ्याची हौस आपली

सह्याद्रीत कुत्रा न्यावा लागत नाही, तो येतो. पाचनईतून हरिश्चंद्रगडाला निघा नाहीतर गुंजवण्यातून राजगडाला; गावाच्या शेवटच्या घरापाशी एखादं तांबूस कुत्रं अंग झटकून उठतं आणि आपल्या पुढे चालायला लागतं. बिस्किटाची आशा असतेच, पण वाटही त्याला आपल्यापेक्षा बरी ठाऊक असते. ऊन वाढलं की ते करवंदीच्या जाळीखाली अंग टाकतं, कंटाळा आला की न सांगता खाली निघून जातं. वर यायचं की नाही हे त्याचं तेच ठरवतं.

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये, जानेवारीत दोन घरची कुत्री घेऊन नवरा-बायको माथ्याकडे निघतात तेव्हा हे सगळं उलटं होतं. कुत्री गाडीच्या मागच्या सीटवरून येतात. त्यांना बूट आपण घालतो, कोट आपण चढवतो, आणि माथा गाठायची हौसही आपलीच असते. कुत्र्याला माथा कळत नाही, आपण कळतो. आपण चालतोय म्हणून तो चालतो, पंजा दुखत असला तरी चालतो. सगळी गोम इथे आहे.

बॉस्टनच्या आसपास राहणारे मराठी लोक या डोंगरांत जायला लागतात तेव्हा पाय तयार असतात, अंदाज मात्र सह्याद्रीतले असतात. उंचीचंच घ्या. या डोंगरांतला माउंट पीअर्स १,३१४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशेहून जास्त मीटरनी बुटका. आकडा बघून कुणीही हसेल. पण हा डोंगर ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्याच रांगेत पुढे माउंट वॉशिंग्टन उभा आहे, १,९१७ मीटरचा. तिथल्या वेधशाळेनं १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पारा उणे ४४ सेल्सियसवर गेला, आणि वारा धरला तर अंगाला जाणवणारी थंडी उणे ७८. असे दिवस विरळा, हे खरं. पण ज्या रांगेत हे होऊ शकतं तिथला ‘साधा’ दिवससुद्धा आपल्या ओळखीचा नसतो.

कुत्र्यांसह पहिला हिवाळी माथा म्हणून आम्ही पीअर्सच सुचवू, आणि त्याला कारणं आहेत. क्रॉफर्ड नॉच या खिंडीतून निघणारी क्रॉफर्ड पाथ ही वाट एबल क्रॉफर्ड आणि त्यांचा मुलगा ईथन ॲलन क्रॉफर्ड यांनी १८१९ मध्ये काढली; तेव्हापासून ती सतत वापरात आणि देखभालीत आहे. पुढे ती घोड्यांसाठी रुंद करण्यात आली आणि १८४० मध्ये पंचाहत्तरीतले एबल क्रॉफर्ड याच वाटेनं घोड्यावरून वॉशिंग्टनच्या माथ्यावर पोचले. घोड्यासाठी केलेली वाट कुत्र्याला मानवते. चढ एकसारखा आहे. हातानं धरून चढायचे कातळटप्पे नाहीत, शिड्या नाहीत. पीअर्सचा माथा रस्त्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर आहे आणि चढ साधारण ७३० मीटरचा. वाट जवळजवळ शेवटपर्यंत स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी वृक्षांच्या दाट झाडीतून जाते, म्हणजे वारा डोक्यावरून जातो. उघडा भाग शेवटच्या शंभर-दोनशे मीटरपुरताच. डोंगराचं जुनं नाव क्लिंटन; १९१३ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं ते बदलून न्यू हॅम्पशायरमधून आलेल्या एकमेव राष्ट्राध्यक्षाचं, फ्रँकलिन पीअर्सचं नाव दिलं. पायथ्याचा रस्ता मात्र अजून माउंट क्लिंटन रोडच आहे, तेव्हा पाटी बघून गोंधळू नका.

आधी कुत्रा कोणता, ते बघू. लॅब्राडॉर, शेफर्ड, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला लोकरीसारखा, बाहेरचा राठ. ही कुत्री चालत असताना उणे १० मध्येही मजेत असतात. एकाच थराचे आखूड केस असलेला कुत्रा, आणि त्यात भारतातून नेलेली आपली गावठी कुत्रीही आली, चालताना ठीक वाटतो, पण थांबल्यावर पाच मिनिटांत कुडकुडतो. मोठ्या जातीचं पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत अशा चालीला नेऊ नये, कारण हाडांची वाढ पुरी झालेली नसते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे चढताना बोलत नाहीत, उतरताना बोलतात.

यापलीकडे आमची एक अट आहे, जी फार जणांना जाचक वाटते: दोघांपैकी प्रत्येकाला निदान वीस मिनिटं जो कुत्रा पाठीवर वाहून नेता येत नाही, तो हिवाळ्यात माथ्यावर न्यायचा नाही. तीस किलोचा लॅब्राडॉर पंजा कापून बसला की तो चालणार नाही आणि त्याला तिथे सोडताही येणार नाही. पाठपिशवीसारख्या खांद्यावर घ्यायच्या झोळ्या मिळतात. कुत्र्याचे चारही पाय त्यात अडकवून त्याला पाठीवर किंवा पोटाशी बांधता येतं. झोळीचं वजन पाव-अर्धा किलो. ती घरी, दिवाणखान्यात, निरोगी कुत्र्यावर चार वेळा वापरून बघायची. बर्फात, हातमोजे घालून, विव्हळणाऱ्या कुत्र्यावर पहिल्यांदा पट्टे लावायला गेलात तर होणार नाही. आणि वीस मिनिटांचं गणितही करून ठेवायचं: एक वाहतो, दुसरा दोन्ही पिशव्या आणि दुसरा कुत्रा सांभाळतो, मग अदलाबदल. अशा चालीनं उतारावरसुद्धा ताशी दीड-दोन किलोमीटर. माथ्यावरून खाली येईपर्यंत अंधार होणार हे धरूनच दोन विजेऱ्या आणि जास्तीच्या बॅटऱ्या घ्यायच्या. बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात. थंडीत त्या लवकर मान टाकतात.

आता पंजे. कुत्र्याच्या पंज्यात निसर्गानं एक सुरेख सोय केली आहे. खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या नसा आणि वर येणाऱ्या गार रक्ताच्या नसा एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे उतरतं रक्त चढत्या रक्ताला ऊब देऊन जातं. पंजा गार राहतो, पण अंगातली ऊब वाया जात नाही. म्हणून कुत्रा आपल्यासारखा ‘पाय गारठले’ असं लगेच दाखवत नाही. त्याला छळतात त्या बर्फाच्या गाठी. बोटांमधल्या केसांना ओला बर्फ चिकटतो, अंगाच्या उबेनं थोडा वितळतो, परत गोठतो, आणि बघता बघता सुपारीएवढा खडा बोटांमध्ये तयार होतो. प्रत्येक पावलाला तो बोटं फाकवतो. लांब केसांच्या कुत्र्याच्या पोटाखाली आणि मांड्यांवर याच गाठींचे घोस लटकतात. उपाय आदल्या रात्रीचे: बोटांमधले केस पंज्याखालच्या गादीच्या पातळीपर्यंत कापायचे, नखं कापायची, आणि सकाळी गाडीतच पंज्यांना मेण चोळायचं. स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी केलेलं मेण मिळतं, ते चांगलं. खोबरेल तेल लावणारेही आहेत. थंडीत ते थिजतं हे बरं, पण अर्ध्या तासात निघूनही जातं. वाटेत गाठ झालीच तर ती ओढून काढायची नाही, केसांसकट कातडी येते. हातमोजा काढून मुठीत धरायची, बोटांनी चुरायची.

बूट घालावेत की नाही यावर दोन पक्ष आहेत. आमचा पक्ष असा: भुसभुशीत, कोरड्या बर्फात निरोगी पंज्याला बूट लागत नाही, कडक, कुरकुरीत पापुद्र्याच्या बर्फावर लागतोच, कारण तो पापुद्रा काचेसारखा कापतो. माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करायचं, दुसरा पंजा हातानं उचलायचा म्हणजे सगळं वजन मापाच्या पंज्यावर येऊन तो पसरतो, आणि मग दोन्ही बाजूंना खूण करायची. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात, तेव्हा चौघांचं माप एक धरू नका. पट्टी मनगटाभोवती येते. ती इतकीच आवळायची की खाली एक बोट जाईल. सैल बूट निघून जातो, पण घट्ट पट्टी रक्त अडवते आणि बुटाच्या आत पंजा गोठू शकतो, म्हणजे ज्या भीतीनं बूट घातला तीच खरी होते. दर थांब्याला एक बूट काढून आत हात घालून बघायचं. आतल्या बाजूचं वरचं नख, जे जमिनीला टेकत नाही, तिथे पट्टी घासून जखम होते. तिथे हलकी पट्टी गुंडाळून ठेवलेली बरी. अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीत दर कुत्र्यामागे आठ बूट असलेच पाहिजेत असा नियम आहे, कारण बूट हरवतात. दोन कुत्र्यांच्या आठ पंज्यांसाठी आम्ही बारा धरतो. आणि हो, हे बूट घरात दोन आठवडे घालून फिरवल्याशिवाय डोंगरावर नेऊ नका. पहिल्या दिवशी कुत्रा तापलेल्या तव्यावर चालल्यासारखा पाय उचलतो. बघायला मजा येते, पण त्याला येत नाही.

आपल्या पायांबद्दल थोडंसंच सांगतो, कारण ती माहिती सगळीकडे मिळते. वाट दाबून घट्ट झाली असेल तर बुटांना मायक्रोस्पाइक, म्हणजे साखळीला बसवलेले छोटे पोलादी दात. ताजा बर्फ असेल तर स्नोशू, म्हणजे पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या. साध्या बुटांनी ताज्या बर्फात चालून गुडघ्याएवढी भोकं पाडत जाणं हा इथे असभ्यपणा समजला जातो, आणि रास्त आहे. ती भोकं रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याचा घोटा, किंवा धावत येणाऱ्या कुत्र्याचा पाय त्यात अडकतो. कुत्र्यानं आपल्या मागे, स्नोशूनं दाबलेल्या पट्ट्यात चालायचं. ती दाबलेली वाट सोडून बाजूला गेला की वरच्या भागात आणखी एक फसवणूक असते: बर्फाखाली पुरलेल्या लहान स्प्रूस झाडांभोवती पोकळी राहते. वरून सपाट दिसतं, पाय टाकला की कुत्रा छातीपर्यंत आत जातो आणि फांद्यांत अडकतो. त्याला मानेच्या पट्ट्यानं ओढायचं नाही. हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या मुठीनं सरळ वर उचलायचं. हार्नेस घेताना ती मूठ आहे ना, आणि तिच्यावर कुत्र्याचं पूर्ण वजन तोललं जातं ना, हे दुकानातच बघा.

मायक्रोस्पाइकच्या दातांमुळे मात्र एक नवा धोका घरचाच तयार होतो. मायक्रोस्पाइक घातलेला आपला पाय कुत्र्याच्या पंज्यावर पडला तर पंजा फाटतो. चढताना कुत्रा पुढे आणि कमरेला बांधलेली ताणाची दोरी, हे छान जमतं. तो थोडं ओढतोही. उतरताना तीच दोरी घातक. तो खाली उडी मारतो, आपण पडतो, किंवा आपण घसरतो आणि दात पुढे करून त्याच्यावर जातो. म्हणून माथ्यावर दोरी कमरेवरून काढून हातात घ्यायची आणि कुत्रा मागे. ‘मागे’ ही आज्ञा घराच्या जिन्यावर आधीच शिकवलेली असावी. बसून घसरत खाली जायचा मोह सगळ्यांनाच होतो. कुत्री सोबत असताना तो मोह टाळा. कुत्रा पाठलाग करतो, आणि दात तर पायात आहेतच.

पाणी गोठतं, हे सांगायला नको. पण कसं गोठतं हे कामाचं आहे. वरून खाली गोठतं, म्हणून बाटली पिशवीत उलटी ठेवायची. झाकणापाशी मग पाणी राहतं आणि बर्फ बुडाशी होतो. रुंद तोंडाची बाटली, लोकरीच्या मोज्यात घातलेली. नळीनं पाणी प्यायच्या पिशव्या घरी ठेवा. सकाळी कोमट पाणी भरायचं. तीस किलोच्या कुत्र्यामागे या चालीला दीड लिटर नेतो आम्ही. ‘कुत्रा बर्फ खातो की’ हे उत्तर पुरत नाही. अर्धा लिटर पाण्याएवढा बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराला सुमारे ६० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, आणि त्या आतून जातात, पोटातून. साधं पाणी त्याला रुचत नसेल तर त्यात चमचाभर बिनमिठाचं मटणाचं सूप घाला, वाटी चाटून पुसून ठेवेल.

खाणं थोडं-थोडं, अनेकदा. खोल छातीच्या कुत्र्यानं भरपेट खाऊन लगेच श्रम केले तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. तो तासाभरात जिवावर बेततो. पोटभर जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी, वाटेत दर पाऊण तासाला मूठभर. त्या दिवसाचा एकूण खुराक रोजच्या दीडपट धरायला हरकत नाही. आणि इथे मराठी डब्याकडे जरा कठोरपणे बघायला हवं. चिवड्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी. कांदा, लसूण विषारी, म्हणजे लसणाची चटणी लावलेली दशमी आपल्यापुरतीच. चॉकलेट तर सगळ्यांना माहीत असतं. मॅकाडेमियाचे दाणे आणि काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी घातलेला झायलिटॉल कमी जणांना. थांब्यावर माणसं प्रेमानं अर्धा घास पुढे करतात, तिथेच हे होतं. आणखी एक: हातात धरून चोळायच्या गरम पुड्या. त्यांत लोखंडाची भुकटी असते. पुडी खाली पडली आणि कुत्र्यानं गिळली तर लोहाची विषबाधा. आपल्या औषधांच्या डबीतली आयबुप्रोफेन त्याला कधीच द्यायची नाही, कितीही लंगडत असला तरी. त्याची वेदनाशामक गोळी पशुवैद्याकडून, वजनाप्रमाणे, आधीच आणून ठेवायची. डबीत एक पक्कड हवी. इथे साळिंदरं आहेत, हिवाळ्यातही जागी असतात, आणि कुत्र्याच्या नाकात रुतलेले काटे बोटांनी निघत नाहीत.

वेळेचं गणित इथे जुनं आणि सोपं आहे: दर मैलाला अर्धा तास, अधिक दर १,००० फूट चढाला अर्धा तास. पीअर्ससाठी पावणेतीन तासांच्या आसपास येतं. हिवाळ्यात त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा. बूट घालणं, काढणं, शोधणं हे सगळं त्या निम्म्यात येतं. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाचारच्या आत मावळतो. आठला निघालात तर बारा-साडेबाराला वर. एक वाजता, जिथे असाल तिथून, परत. हा एकचा ठोका गाडीत बसल्या-बसल्या ठरवायचा, वर गेल्यावर नाही. वर गेल्यावर माणूस वकील होतो.

हवामानासाठी वॉशिंग्टनच्या वेधशाळेचा उंच माथ्यांसाठीचा अंदाज रोज पहाटे येतो. शहराचा अंदाज बघून निघणं म्हणजे दादरचा पाऊस बघून माथेरानला जाणं. त्यात तापमानापेक्षा वारा आधी बघायचा. आमचे आकडे असे आहेत, कुणाचे वेगळे असतील: माथ्यांवर ताशी ६० किलोमीटरच्या वर वारा किंवा उणे १५ च्या खाली पारा, यांपैकी एक जरी असलं तरी कुत्री घरी. दोन्ही असेल तर आपणही.

वाट सुरुवातीला गिब्ज ब्रूक या ओढ्याच्या बाजूनं चढते. इथली जुनी स्प्रूस झाडं बघण्यासारखी आहेत, आणि इथेच पहिला थांबा घ्यायचा, दम लागलाय म्हणून नाही तर कपडे उतरवण्यासाठी. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गाडीपाशी उबदार वाटत असेल तर कपडे जास्त आहेत. कुत्र्यालाही हेच. चढताना कोट काढायचा. तो धापा टाकतो, तोंडाची वाफ छातीच्या केसांवर गोठते, आणि कोटाच्या आत दमट झालेले केस मग थांबल्यावर गारठा धरतात. कोट थांब्यासाठी आणि उघड्या माथ्यासाठी. थांब्याला फोमच्या चटईचा एक तुकडा त्याच्याखाली टाका; बर्फावर बसलेल्या कुत्र्याची ऊब बर्फ पिऊन टाकतो. सुमारे ३ किलोमीटरवर मिझ्पाकडे जाणारा फाटा येतो. तिथली झोपडी, मिझ्पा स्प्रिंग हट, हिवाळ्यात बंद असते, तेव्हा ‘वेळ पडली तर तिकडे जाऊ’ हा बेत करू नका. हा फाटा आम्ही खरी चौकी मानतो. इथे दोन्ही कुत्र्यांचे सगळे बूट काढून सोळा-सोळा बोटं बघायची, कानांची टोकं दोन बोटांत धरून बघायची, शेपटीचं टोक बघायचं. हिमदंश आधी याच ठिकाणी होतो. नर कुत्र्याच्या वृषणांनाही, आणि ते बघायचं सगळे विसरतात. कातडी फिकट, निळसर, गार आणि ताठ लागली तर ती चोळायची नाही. कोरड्या हातानं, अंगाच्या उबेत धरायची, आणि परतायचं. परत गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देण्याचा पुरा उपचार वाटेत सुरूच करू नये. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेली कातडी जास्त बिघडते.

कुत्रा काय काय सांगतो? एकेक पंजा आळीपाळीनं उचलून उभा राहतो. चालता चालता मागे राहतो आणि आपल्या पावलांवर पाय टाकून येतो. वाटेत बसतो. वळून खालच्या दिशेला बघतो. शेपूट पोटाखाली घेतो. सगळ्यात मोठी खूण लॅब्राडॉरची: त्यानं खाऊ नाकारला तर वाद नाही, उलट फिरा. थरथर ही उघड खूण आहे, पण तिच्यात फसगत आहे. कुत्र्याचं अंग सहसा ३८ ते ३९ अंशांवर असतं. ते बरंच खाली गेलं की थरथर थांबते. ‘बघ, आता बरं वाटतंय त्याला’ असं नेमकं तेव्हा वाटतं, आणि तेव्हाच तो हाताबाहेर चाललेला असतो. झोकांड्या, सुस्ती, हाकेला उशिरा वळणारे कान हे थरथरीनंतरचं आहे. त्या वेळी त्याला कोरडं करून, कोटात, मग दोन माणसांच्या मधे, वर चकचकीत आपत्कालीन पांघरूण असं घ्यावं लागतं. माणसं दोन असण्याचा हा फायदा.

दोन असण्याचा तोटाही आहे, आणि तो जोडप्यांपुरता खास आहे. ‘तुला चालत असेल तर मला चालेल.’ मराठी संसाराचं हे ब्रीदवाक्य डोंगरावर घातक ठरतं. त्याला वाटतं तिला माथा हवाय, तिला वाटतं त्याला. दोघंही मनातून खाली वळलेले असतात आणि पाय वर चालत राहतात. यावर उपाय रुक्ष आहे. एकानं नुसतं ‘परत’ म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, गाडीत बसल्यावरसुद्धा नाही. कामंही वाटून घ्यायची: एकाकडे घड्याळ, नकाशा आणि आभाळ, दुसऱ्याकडे दोन्ही कुत्री. कुत्री ज्याच्याकडे आहेत त्याचा शब्द शेवटचा. आणि ‘तू याला घेऊन उतर, मी दुसऱ्याला घेऊन पटकन वर जाऊन येतो’ हे वाक्य उच्चारायचंच नाही. एक तर कुत्र्यांची जोडी तुटली की दोन्ही बिथरतात. दुसरं म्हणजे गाडीची किल्ली वर गेलेल्याच्या खिशात असते. (किल्ल्या दोन करून एकेकाकडे ठेवाव्यात, एकत्रच राहणार असलात तरीही. त्यातली एक बर्फात पडली की ती थेट एप्रिल-मेमध्ये सापडते.)

झाडं खुरटत जाऊन कमरेएवढी झाली की माथा आला समजा. वेबस्टर क्लिफ ट्रेल उजवीकडून येऊन मिळते, तिथून माथा दीडशे-एक मीटर. वळण्यापूर्वी, झाडांच्या आडोशाला असतानाच कुत्र्यांना कोट, आपल्याला वरचं जाकीट, चेहऱ्याचा रुमाल. उघड्यावर गेल्यावर वाऱ्यात चेन लागत नाही. दगडांची रास, उत्तरेला माउंट आयझेनहॉवरचा गोल घुमट, मागे वॉशिंग्टन. स्वच्छ दिवशी हे बघून बोलणं बंद होतं. कॅनडा जे नावाचे करडे, गुबगुबीत पक्षी इथे माणसांच्या हातावर येऊन बसायला सोकावलेले आहेत. त्यांना खायला घालू नये हे एक, आणि तुमच्या कुत्र्याला पक्ष्यांचं वेड असेल तर दोरी दोन हातांनी धरा, हे दुसरं. दहा मिनिटं बस झाली. फोटोसाठी कुत्र्यांना बसवताना चटई खाली घाला.

इथे उभं असताना क्रॉफर्ड पाथ पुढे आयझेनहॉवरकडे जाताना दिसते, दोन-अडीच किलोमीटर, सोपी वाटते. अपालेशियन माउंटन क्लबच्या यादीत ४,००० फुटांवरचे ४८ माथे आहेत. पीअर्स त्यातला एक, आयझेनहॉवर दुसरा. हिवाळ्यातले माथे मोजणाऱ्यांना एका दिवसात दोन खुणा मारायची घाई असते. पण ती वाट वाऱ्यात आहे, चार पायांना आडोसा नाही, आणि गेलं तेवढंच परत यायचं. याद्या आपल्या आहेत. कुत्र्यांच्या लेखी दिवस खिंडीतल्या पहिल्या झाडापाशीच सुफळ झालेला असतो.

उतरताना वेळ वाचतो, पण पंजे तेव्हाच जातात. वेगामुळे आणि मऊ पडलेल्या दुपारच्या बर्फामुळे गाठी दुप्पट होतात. मिझ्पाच्या फाट्यावर परत तीच तपासणी. गाडीपाशी पोचल्यावर घाई करू नका. पार्किंगच्या डबक्यात गाड्यांतून गळलेलं अँटिफ्रीझ, म्हणजे इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते रसायन, असू शकतं; ते गोड लागतं आणि थोडंसंही मारक ठरतं. रस्त्यावरचं मीठ पंज्यांच्या भेगांत झोंबतं. उरलेल्या कोमट पाण्यानं पंजे धुवायचे, दोन पंचे एकेका कुत्र्याला, बोटांमधून कोरडं करायचं. गाडीचा हीटर मध्यम, झोत थेट अंगावर नको. जेवण अर्ध्या तासानं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा उठताना कसा उठतो ते बघा. पुढचे पाय ताणून, आळस देत उठला तर ठीक. मागचा भाग आधी उचलायला कचरला तर आठवडाभर फक्त गल्लीत फिरवा.

आणि घरी येऊन बूट वाळत घालताना मोजायचे. बारा नेलेले असतात, अकरा भरतात. बारावा बहुतेक मिझ्पाच्या वरच्या वळणावर पडलेला असतो, आणि मागून येणाऱ्या कुणीतरी तो उचलून, बर्फ झटकून, वाटेकडेच्या स्प्रूसच्या फांदीला डोळ्यांच्या उंचीवर अडकवून ठेवलेला असतो.